वऱ्हाडचे गॅझेटियर आणि पट्टीबाहेरची श्रीमंती

वऱ्हाडच्या इतिहासाचा अभ्यास करणारास ज्या इंग्रजी ग्रंथावाचून एक पाऊलही पुढे टाकता येत नाही, असा ग्रंथ म्हणजे आल्फ्रेड लायल यांनी संपादिलेले आणि १८७० साली निघालेले वऱ्हाडचे गॅझेटियर होय. लायलसाहेब त्या वेळी पश्चिम वऱ्हाडचे कमिशनर होते. मनुष्य विद्वान, लेखणी कसलेली, आणि जुन्या अमलाची आठवण असलेले देशमुख-देशपांडे गावोगाव हयात. असा योग पुन्हा कोणा संपादकास आला नाही. म्हणूनच पुढील गॅझेटियरकारांनी इतिहासाच्या बाबतीत बहुतेक त्यांचीच री ओढली आहे. ग्रंथाचे हे थोरपण आम्हांस पूर्ण मान्य आहे. तथापि दीडशे वर्षे ज्या ग्रंथावर विसंबून राहिलो, त्याच्या मांडणीतील एक पोकळी दाखवावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही पोकळी कराच्या बाबतीतली आहे. म्हणजे रयतेकडून किती घेतले याचा हिशेब ग्रंथात आहे, पण कोणाकडून घेतले नाही याचा नाही.

प्रारंभ एका गावाच्या नावापासून करू. अकोल्याहून पातूर, मेडशी करीत वाशिमास जाणाऱ्या वाटेवर मालेगाव लागते. नाशिककडील मालेगाव प्रसिद्ध आहे. हे त्याहून निराळे, वाशिम जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. कागदोपत्री याला 'मालेगाव जहांगीर' म्हणतात. पुष्कळांस हे नाव ऐकून अकबरपुत्राची आठवण होते. पण बादशहाचा येथे काही संबंध नाही. वऱ्हाडी बोलीत 'जहागीर' या शब्दाचाच उच्चार 'जहांगीर' असा होतो, आणि गावाच्या नावामागे हे शेपूट लागले म्हणजे त्या गावचा सरकारी वसूल कधीकाळी कोणास तरी तोडून दिलेला होता, असे समजावे. यवतमाळकडे 'इजारा' असे दुसरे एक शेपूट पुष्कळ गावांस आहे. ते मात्र इंग्रजी अमलात पडीत जमीन लागवडीस आणण्यासाठी दिलेल्या पट्ट्यांचे आहे. निजामशाही अमलातील इजारदारांशी त्याची गल्लत संग्राहकांनी करू नये. आमच्या पाहण्यात ती वारंवार आली आहे म्हणून हा खुलासा.

जहागिरीचे गाव हिशेबात कोठे दिसते? परगण्याच्या ताळेबंदात आधी एकंदर जमा येते, मग वजा, मग बाकी. जहागीर, इनाम, धर्मादाय हे सारे 'वजा' या सदरात. जमेचा आकडा वाचून परगण्याची भरभराट ठरविणारे इतिहासकार पुष्कळ. वजेची यादी नावनिशीवार वाचणारे थोडे. आणि सरकारची नड वाढली की जी वाढ होते ती बाकीवर होते, वजेवर होत नाही. ज्याच्या नावे वजा झाली तो नडीच्या वर्षीही सुटलेलाच. मालेगावाच्या नावातच ही वजा कोरून ठेवलेली आहे.

आता लायलसाहेबांचे कथानक पाहू. ते थोडक्यात असे आहे. मलिक अंबराने जमिनीची व्यवस्था चांगली लावून दिली. पुढे मोगल सत्ता ढिली झाली; १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर वऱ्हाड निजामाकडे आले, पण मराठ्यांचा वसुलीचा हक्क कायम राहून दोन धन्यांचा अंमल, ज्याला लोक दोअमली म्हणत, तो सुरू झाला. १८०३ साली अडगावास नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला व देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामास मिळाला. त्यानंतर इजारदारांचा काळ आला, रयत नागवली गेली, आणि १८५३ साली मुलूख कंपनीकडे आल्यावर व १८६१ पासून मुंबईच्या पद्धतीची पाहणी सुरू झाल्यावर सुव्यवस्था नांदू लागली. कथानक सुरेख आहे. त्यात खलपुरुष आहे, उद्धारकर्ता आहे, आणि उद्धारकर्त्याच्याच पदरी नोकरी करणारा कथेकरी आहे!

खलपुरुष म्हणून जे इजारदार रंगविले आहेत त्यांच्याविषयी जरा सविस्तर लिहिले पाहिजे. कारण सारा मुद्दा येथे आहे. हैदराबादेस चंदूलाल कारभारी असता दरबारचा खर्च जमेच्या बाहेर गेला. कंपनीच्या आग्रहाने ठेवलेल्या फौजेचा पगार दरमहा द्यावयाचा. तो न चुकता देण्यासाठी सावकार गाठावे लागत. पामर आणि कंपनी ही पेढी त्यांत मोठी. शेकडा चोवीस-पंचवीस व्याजाने तिने दरबारास पैसा पुरविला. रेसिडेंट मेटकाफ यांनी या व्यवहाराचा स्फोट केल्यावर पेढीचे देणे फेडण्यासाठी निजामाने काय केले, तर उत्तर सरकारांबद्दल कंपनीकडून दरसाल मिळणारी सात लाखांची पेशकश १८२३ साली कायमची सोडून दिली आणि तिच्या मोबदल्यात सुमारे १,१६,६६,००० रुपये उचलले. भागाकार करून पाहावा: पावणेसतरा वर्षांच्याही आतल्या उत्पन्नास पिढ्यान्‌पिढ्यांचे उत्पन्न विकले गेले, आणि ते एका पेढीचे देणे भागविण्यासाठी.

वऱ्हाडात हाच प्रकार तहसिलीच्या रूपाने घडला. हैदराबादचा पुरणमल सावकार याच्याकडे वऱ्हाडचा बहुतेक भाग इजाऱ्याने होता. १८३९ साली त्याला काढून पेस्तनजी आणि कंपनी या पारशी पेढीकडे परगणे गेले. ही मंडळी धाडसी व्यापारी होती. १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणात मुंबईस प्रथम त्यांनीच पाठविला. खामगावास कापूस दाबण्याचे चाप बसविले. शेतकऱ्यांस आगाऊ रकमा दिल्या. १८४१ साली चंदूलालाने त्यांच्या कर्जापोटी वऱ्हाडचा मोठा वसूल त्यांस लावून दिला. १८४३ साली दौलत दिवाळ्याच्या काठावर आणून चंदूलाल पायउतार झाला, आणि मग परगणे परत घेण्यासाठी पेस्तनजींच्या माणसांशी झगडण्याची पाळी निजामावर आली.

लायलसाहेब या सर्वांस वसूल करणारे म्हणून पाहतात, आणि वसुलीतील कठोरपणाबद्दल दोष देतात. आम्ही म्हणतो, पुरणमल काय किंवा पेस्तनजी काय, हे आधी धनको होते, मग वसुलदार झाले. दौलतीत ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांच्याकडून दरबाराने कर घेतला नाही. त्यांच्याकडून कर्ज घेतले. कर घेतला असता तर पैसा परत द्यावा लागला नसता. कर्ज घेतल्यामुळे मुद्दल परत, वर व्याज, आणि दोहोंच्या फेडीसाठी रयतेचा वसूल त्यांच्याच हाती. श्रीमंताच्या तिजोरीतून निघालेला रुपया कुणब्याच्या खळ्यावरून फिरून दीडपट होऊन त्याच तिजोरीत गेला. असल्या व्यवहारात इजारदार मनाने कितीही भला असता तरी खळ्यावरचा परिणाम फारसा निराळा झाला नसता. म्हणून त्याच्या क्रौर्याच्या कथा खऱ्या मानूनही कारणमीमांसा अपुरी राहते.

आणि १८५३ साली काय घडले? कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी निजामाकडे कंपनीचे कर्ज थकले, म्हणून वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशीव हे मुलूख कंपनीच्या हाती देण्यात आले. १८६० च्या तहाने रायचूर व धाराशीव परत गेले, सुमारे पन्नास लाखांचे कर्ज सोडले गेले, वऱ्हाड राहिले. १९०२ साली तेच वऱ्हाड दरसाल २५ लाखांच्या खंडाने कायमचे घेण्यात आले. धनकोने थकबाकीपोटी मुलूख ताब्यात घेऊन स्वतः वसूल करणे, ही पेस्तनजींची रीत; येथे धनकोचे नाव तेवढे बदलले. लायलसाहेब पहिल्यास अंदाधुंदी म्हणतात व दुसऱ्यास तहाची अंमलबजावणी म्हणतात. ज्या इंग्रजी नावाने त्यांच्या ग्रंथाचे मुखपृष्ठ सजले आहे, त्याचा सरळ मराठी अर्थ 'तोडून दिलेले जिल्हे' असा होतो, हे त्यांच्या लक्षात आले नसेल असे म्हणवत नाही.

यावर एक आक्षेप येईल. त्या काळी श्रीमंतांवर कर बसविण्याची कल्पनाच आपल्याकडे नव्हती. श्रीमंतांस हात लावावयाचा तो लुटीने, असे कोणी म्हणेल. लुटीची उदाहरणे आहेत खरी, आणि एक तर याच वाशिम प्रांतातले. १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजा कारंज्यावर आल्या. जदुनाथ सरकारांनी समकालीन पत्रांच्या आधाराने दिलेल्या हकिकतीप्रमाणे सुमारे एक कोटीचा ऐवज चार हजार बैल-गाढवांवर लादून नेला, गावचे सर्व धनिक खंडणीसाठी धरून नेले, आणि त्यांतला सर्वांत मोठा तेवढा स्त्रीवेष घेऊन निसटला. पण हा परमुलखातील शत्रूच्या पेठेवर घातलेला छापा होता; त्याला करपद्धती म्हणता येत नाही. दुसरे उदाहरण अधिक लाजिरवाणे. १७९८ साली दौलतराव शिंद्यांची रक्कम भागविण्यासाठी दुसऱ्या बाजीरावाच्या संमतीने सर्जेराव घाटग्याने पुण्यातील सावकार-गृहस्थांस धरून, छळून पैसे काढले. पुण्यातल्या जुन्या घराण्यांत या आठवणी अजून निघतात. श्रीमंतांवरील कराचे नाव काढताच ज्यांस घाटगे दिसू लागतो त्यांची भीती अगदी निराधार नाही, हे आम्ही कबूल करतो.

परंतु कर आणि लूट यांतला भेद आमच्या दप्तरांस पुरता ठाऊक होता. कराला आकार लागतो, दर लागतो, मुदत लागते, आणि पैसा दिल्यावर पावती मिळते. पेशवाईत इनामदारांवर 'इनाम तिजाई' म्हणून सरकारी हिश्शाची तिसरी वाटणी घेतली जाई. मिरासदारांवर तिसाला 'मिरासपट्टी' असे. दोन्ही बाबी सुरेंद्रनाथ सेन यांच्या मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात नमूद आहेत. इनाम म्हणजे वजेतले उत्पन्न. त्यावर पुन्हा तिजाई बसविणे म्हणजे वजेची यादी उघडून वाचणे होय. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात 'पंढरी' नावाचा कर होता. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. काळीवर सारा बसतो, मग पांढरीवर राहून व्यापार-उदीम करणाराने ऐपतीप्रमाणे का देऊ नये, असा त्यातला सरळ न्याय. इंग्रज सरकारास हा कर इतका पटला की १८६७ साली मध्यप्रांतासाठी त्याचा स्वतंत्र कायदा करण्यात आला. तेव्हा ऐपतीवर कर ही कल्पना विलायतेहून आली, हे म्हणणे टिकत नाही. चंदूलालास ती सुचली नसेल असेही नाही. पण ज्याच्यावर पट्टी बसवावयाची त्याच्याच दाराशी दर महिन्यास पगारासाठी उभे राहावयाचे असेल, तर पट्टीचा कागद बाहेर निघत नाही.

आता ज्या पाहणीपद्धतीस लायलसाहेब वऱ्हाडचा उद्धार मानतात तिच्याकडे वळू. तिच्यामुळे इजारदार गेले, सारा ठरला, तो तीस वर्षे वाढणार नाही अशी हमी मिळाली. हे मोठे हित झाले. पण सारा बसला तो एकरावर, माणसावर बसला नाही. दोन एकरांचा धनी आणि दोन हजार एकरांचा धनी यांस एकाच प्रतीच्या जमिनीस दर एक. याच सुमारास, १८६१ ते १८६५ पर्यंत, अमेरिकेतील यादवीमुळे वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला, पाठोपाठ आगगाडी आली, आणि शेतकऱ्याच्या उभ्या पिकावर कर्ज देणारा सावकार गावोगाव पसरला. कर्ज फिटले नाही म्हणजे जमीन सावकाराच्या नावे चढे, पूर्वीचा धनी तीच जमीन बटाईने करी. सावकार सरकारास एकरी सारा देई; त्यावरच्या खंडाची जी प्राप्ती होई ती मात्र करापासून मोकळी, कारण १८८६ पासूनच्या प्रत्येक आयकर-कायद्याने शेतीचे उत्पन्न वगळले आहे. जहागिरीची वजा सनदेने मिळे व तिच्यावर शिक्का असे. ही नवी वजा कायद्याच्या एका कलमात बसली आणि कोणाच्या डोळ्यांवर आली नाही. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडची जी दशा झाली तिचा संबंध कापसाच्या या अर्थव्यवस्थेशी कसा पोचतो, हे लक्ष्मण सत्य यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विस्ताराने दाखविले आहे. जिज्ञासूंनी तो लायलच्या शेजारी ठेवून वाचावा.

सारा आणि आयकर यांतील ही विषमता डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात स्वच्छ शब्दांत मांडली. त्या वेळी दोन हजारांखालील प्राप्तीवर आयकर नव्हता, आणि पुढे प्राप्ती वाढेल तसा दर वाढे. उलट साऱ्याला खालची मर्यादा नाही आणि वरची चढणही नाही, अर्ध्या एकराच्या धन्यालाही पिको न पिको तो भरावा लागे. मुद्दा मुंबई इलाख्यापुरता मांडला गेला खरा, पण वऱ्हाडची पाहणी मुंबईच्याच नमुन्याची असल्याने तो येथे जशाच्या तसा लागू पडतो. अर्थशास्त्रावर त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध असता आमच्या इतिहासलेखकांनी या भाषणाकडे लक्ष दिले नाही, याचे नवल वाटते.

स्वराज्यात या वजेच्या यादीस हात घालण्याचे प्रयत्न झाले. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असता १९५३ साली मृत्युपश्चात् संपत्तीवरील कर आला, १९५७ साली संपत्तिकर आला. पहिला १९८५ साली बंद झाला, दुसरा २०१५ च्या अर्थसंकल्पाने काढून टाकला. काढताना कारण असे देण्यात आले की २०१३-१४ साली साऱ्या देशातून त्याचे उत्पन्न अवघे १,००८ कोटी झाले, मग वसुलीचा खटाटोप कशास? हे कारण आम्हांस विचित्र वाटते. एखाद्या परगण्याची बाकी कमी आली तर जाणता कमाविसदार आधी वजा तपासतो. परगणाच सोडून द्यावा असे म्हणत नाही. त्याऐवजी मोठ्या प्राप्तीवर अधिभार वाढविला, हे नमूद केले पाहिजे, आणि त्याचे उत्पन्न जास्त येईल असा अंदाज होता हेही. पण अधिभार वर्षाच्या प्राप्तीवर बसतो, साठलेल्या ठेव्यावर बसत नाही. आणि नितीनकुमार भारती, शांसेल, पिकेटी व सोमंची यांनी २०२४ साली काढलेल्या हिशेबाप्रमाणे २०२२-२३ साली देशातील वरच्या शंभरांतील एका असामीकडे प्राप्तीचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. ठेवा कोठे आहे ते यावरून दिसते. ठेव्याची किंमत ठरविणे कठीण, हे प्रामाणिक आक्षेपकाचे म्हणणे मात्र खरे आहे. जमिनीची प्रत ठरविणेही एके काळी असेच कठीण होते. शेते मोजून, माती चाळून तिचे आणे ठरविण्यास सरकारने वर्षांमागून वर्षे घालविली. तितका दम बाकीच्या मत्तेसाठी कोणी काढलेला नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत एक प्रयोग केला तो अभिमानाने सांगण्यासारखा आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना आली, आणि तिच्यासाठी १९७५ साली व्यवसायकर बसला. शहरातील नोकरदार व धंदेवाल्यांनी द्यावे, तितकीच भर सरकारने घालावी, आणि त्यातून खेड्यातील मजुरास काम मिळावे. पंढरीचाच न्याय हा, पांढरीकडून काळीकडे. पण याही करास एक वजा आहे. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने त्याची कमाल मर्यादा १९५० साली २५० रुपये होती, १९८८ साली ती २,५०० झाली व तेथेच थांबली. मामुली पगाराचा कारकून वर्षास २,५०० भरतो आणि कोट्यवधी मिळविणाराही २,५००च भरतो. एकरी साऱ्याचा दोष पगारास येऊन चिकटला.

२००६ साली वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची मदत जाहीर केली. त्यांत वाशिम होता. तिच्यात थकलेल्या कर्जावरील व्याज सोडणे व कर्जाची नवी मुदतबंदी करणे ही मोठी बाब होती. म्हणजे शेतकऱ्याच्या आणि पैशाच्या मध्ये पुन्हा कर्जखाते! पेस्तनजींच्या आगाऊ रकमांपासून येथवर कापसाच्या मुलखात पैसा शेतापर्यंत येतो तो याच वाटेने.

शेवटी संग्राहकांस दोन शब्द. आमच्याकडे सनद दिसली की ती काचेत जाते. शिक्का स्पष्ट असला की तिची प्रत निघते, वाचन छापले जाते. सावकारी घराण्यांतील रोजकीर्दी, खतावण्या, गहाणखते मात्र मणामणाने रद्दीत जातात, कारण त्यांत ना शिक्का ना राजाचे नाव. दौलतीने काय घेतले ते दप्तरात सापडते. काय उसने घेतले व कोणत्या दराने, ते या वह्यांत. कारंजा, वाशिम, खामगाव या पेठांतील जुन्या पेढ्यांच्या वह्या, आणि मालेगाव-शिरपूर भागातील जहागिरीच्या गावांचे ताळेबंद, ही दोन्ही एका ठिकाणी आणून तारखांस तारखा लावल्या, तर एखाद्या वर्षी परगण्याच्या वजेत गेलेला रुपया दुसऱ्या वर्षी दरबारच्या कर्जात जमा झालेला दिसण्याचा संभव आहे. वह्या मोडी लिपीत असून हिशेब पुष्कळदा मिती-संवतात असतात. तेव्हा मिती व फसली सन यांचा मेळ घालणारे कोष्टक हाताशी ठेवूनच या कामास बसावे.